अपील वाचावं लागतं

“तिन्हीसांजेची वेळ होती. ओसरीवर दिवा लावायला मी काडी ओढत होते, तेवढ्यात बांधावरून तो पळताना दिसला.”

सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या बाईंनी सत्र न्यायालयात दिलेल्या साक्षीतलं हे वाक्य आहे. गावाची किंवा माणसांची ओळख पटेल असं काही मी इथे सांगणार नाही, पण वाक्य माझ्या वहीत जसंच्या तसं उतरवलेलं आहे. हायकोर्टासाठी जे पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांचा एकत्र संच, तयार झालं, त्यात या साक्षीचं इंग्रजी भाषांतर होतं. भाषांतरात तिन्हीसांजेची नुसती ‘संध्याकाळ’ झाली होती आणि ओसरीवरचा दिवा आधीच जळत होता. ओसरीपासून बांधापर्यंतचं अंतर पंचनाम्यात शंभर फुटांच्या वर दाखवलेलं. खुनाच्या आरोपात जन्मठेप झालेल्या त्या मुलाची ओळख याच एका बाईंनी पटवली होती. उजेड होता की नव्हता, हा त्या खटल्यातला सगळ्यात मोठा प्रश्न होता आणि भाषांतर करणाऱ्यानं नकळत त्याचं उत्तर देऊन टाकलं होतं.

ऐपत नसलेल्यांना सरकारी खर्चानं वकील देणाऱ्या विधी सेवा समितीकडून ते अपील माझ्याकडे आलं तेव्हा तो मुलगा 9 वर्षं तुरुंगात होता. माझ्याआधी दोन वकील नेमले गेले होते. दोघंही वाईट वकील नव्हते. त्यांनी शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज चालवला, तो फेटाळला गेला आणि पुढे अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, यायची वाट पाहत राहिलं. मूळ मराठी साक्ष कुणी उघडली नव्हती. मीही उघडली नसती. भाषांतरातलं एक वाक्य मला अर्धवट वाटलं म्हणून मूळ रेकॉर्ड पाहण्यासाठी अर्ज केला. रुमालात बांधलेला तो गठ्ठा सोडला आणि साक्षीच्या दुसऱ्या पानावर ‘तिन्हीसांज’ सापडली.

मुंबई हायकोर्टाच्या अपिलेट साइडवर, म्हणजे खालच्या कोर्टांतली अपिलं चालवणाऱ्या शाखेत, मला आता 22 वर्षं झाली. या काळात एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे आणि ती मला मोठ्यानं सांगायची आहे. अपिलाच्या वकिलाचं खरं काम रेकॉर्ड वाचणं हे आहे, आणि आपली व्यवस्था त्याच कामाचे पैसे देत नाही. कोर्टात उभं राहण्याचे पैसे मिळतात, अपील मेमो लिहिण्याचे मिळतात. वाचण्याचे मिळत नाहीत. सरकारी खर्चानं दिलेल्या वकिलाच्या बाबतीत तर हे फार उघड दिसतं. त्याची किंमत वकिलापेक्षा कैदी जास्त मोजतो. म्हणून याकडे वकिलांच्या मानधनाचा प्रश्न म्हणून बघू नये. हा न्यायाचा प्रश्न आहे.

अपील म्हणजे काय, हे कोर्टाबाहेरच्या माणसाला समजावताना मला नेहमी अडचण येते. लोकांच्या डोळ्यांपुढे वकील म्हटलं की साक्षीदाराला घाम फोडणारी उलटतपासणी येते. आमच्याकडे साक्षीदार येतच नाही. पुरावा खालच्या कोर्टात संपलेला असतो. दिवाणी अपिलात जादा पुरावा द्यायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 41, नियम 27 ची अरुंद वाट आहे, आणि फौजदारीतही असा पुरावा क्वचितच घेतला जातो. जे काही आहे ते कागदावर आहे. साक्षी, उलटतपासणी, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल, मुद्देमालाची यादी, प्रत्येक निशाणी म्हणजे क्रमांक देऊन दाखल केलेला पुरावा, रोजनामा म्हणजे तारखांच्या कामकाजाची नोंद. कधी तीनशे पानं, कधी तीन हजार. त्या कागदांत खालच्या कोर्टाला जे दिसलं नाही ते शोधायचं, किंवा जे दिसलं ते बरोबरच होतं हे दाखवायचं. युक्तिवाद हा त्या शोधाचा शेवटचा तुकडा असतो. अर्ध्या तासात संपणारा युक्तिवाद चांगला झाला असेल, तर त्यामागे आठ-दहा दिवसांचं वाचन असतं.

लॉ कॉलेजात मात्र याचं उलटं चित्र शिकवलं जातं. मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या कोर्टात, मुलं जे लढतात ते बहुतेक वेळा अपीलच असतं. पण त्या अपिलातल्या घटना दोन-चार पानांत नीट छापून दिलेल्या असतात आणि त्यांच्याबद्दल वाद नसतो. मुलांनी फक्त कायदा आणि निवाडे शोधायचे. अशी मुलं माझ्या चेंबरमध्ये येतात तेव्हा हुशार असतात, निवाडे तोंडपाठ असतात. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यापुढे एक गठ्ठा ठेवते आणि विचारते, जखमी माणसाला दवाखान्यात कुणी नेलं? उत्तर चार साक्षींत आणि एका निशाणीत विखुरलेलं असतं आणि चारही ठिकाणी वेगळं असतं. तिथे पहिल्यांदा त्यांना कळतं की घटना या छापून मिळत नाहीत, त्या वाचून बांधाव्या लागतात.

दुसऱ्या अपिलाचं, म्हणजे दिवाणी दाव्यात पहिल्या अपिलाच्या निकालावर हायकोर्टात होणाऱ्या अपिलाचंही तसंच. 1976 च्या दुरुस्तीनंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खाली कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय दुसरं अपील दाखल करून घेतलं जात नाही. त्यामुळे अनेकांना वाटतं की इथे रेकॉर्डची गरज नाही, नुसता कायदा पुरे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. कायद्याचा खरा प्रश्न बहुधा एखाद्या सातबाऱ्याच्या फेरफारात किंवा खरेदीखताच्या चतु:सीमेत दडलेला असतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. पण त्या तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टात दुसऱ्या अपिलात संपला, हे किती जणांना ठाऊक असतं? डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या कोर्टात दाखल झालेला दावा 1931 मध्ये तिथे फेटाळला गेला. ठाण्याला अपील झालं, ते 1933 मध्ये फेटाळलं. मग हायकोर्टात दुसरं अपील, त्याचा निकाल 17 मार्च 1937 चा. म्हणजे पाणी पिण्याच्या हक्काला कोर्टाचा शेवटचा शिक्का बसायला सत्याग्रहानंतर 10 वर्षं लागली. आणि तो प्रश्न कशावर सुटला? अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, असं वादींचं, म्हणजे दावा लावणाऱ्या सवर्णांचं, म्हणणं होतं. वहिवाट इतकी जुनी आहे हे त्यांना पुराव्यानं सिद्ध करता आलं नाही. हा निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे 1922 मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच न्यायाधीश. समतेचं भव्य तत्त्व त्या निकालात मोठ्या शब्दांत मांडलेलं नाही. पुरावा किती मागे जातो, एवढंच कोर्टानं पाहिलं. त्या तळ्याचं पाणी अखेर नोंदींनी मोकळं केलं. आणि बाबासाहेब स्वतः याच हायकोर्टात अपिलेट साइडवर वकिली करत होते, ही गोष्ट आमच्या शाखेतल्या प्रत्येक नव्या मुलाला मी आवर्जून सांगते.

टिळकांचंही असंच. ताई महाराज प्रकरणात, म्हणजे दत्तकविधानाच्या एका वादात, 1903 मध्ये खालच्या कोर्टानं त्यांना खोट्या साक्षीच्या आरोपावरून सक्तमजुरी दिली. 1904 मध्ये हायकोर्टानं ती रद्द केली. तोच पुरावा दुसऱ्या डोळ्यांनी वाचला गेला आणि माणूस निर्दोष ठरला.

टिळकांकडे वकील होते, पैसा होता, देशभर नाव होतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याचं काय होतं, यासाठी मला नाशिकजवळ 2003 मध्ये घडलेल्या एका प्रकरणाकडे वळावं लागतं. शेतात राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला, पाच जणांचे जीव गेले, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांवर खटला चालला. 2006 मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये हायकोर्टानं तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. पुढे त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे निष्पन्न झालं. आणि मार्च 2019 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं आपला आधीचा निकाल मागे घेऊन, प्रकरण नव्यानं ऐकून सहाही जणांना निर्दोष सोडलं. राज्य सरकारनं प्रत्येकाला 5 लाख रुपये भरपाई द्यावी असा हुकूमही केला. मधली जवळपास 16 वर्षं तुरुंगात गेली होती.

2019 च्या निकालातली एक बाब माझ्या डोक्यातून जात नाही. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांच्या दिशेनं तपासच झाला नाही. ही ओळख घटनेनंतर अवघ्या काही दिवसांतली, म्हणजे 2003 सालचीच. तिचं महत्त्व कोर्टापुढे उभं राहायला 2019 उजाडलं. तोवर तीन कोर्टांतून निकाल झाले होते. कुठला वकील कुठे कमी पडला, हे मला ठाऊक नाही आणि त्यावर बोलण्याचा मला अधिकारही नाही. पण अशा एकेका तपशिलावर सहा माणसांचे जीव टांगलेले असतात, आणि तो तपशील शोधणाऱ्याला त्या कामासाठी वेळ व मोबदला मिळतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार मला नक्की आहे.

मिळत नाही, हे मी सांगते. सरकारी खर्चानं नेमलेली वकील म्हणून मी अनेकदा बिल सादर केलं आहे. मसुद्याचे ठरावीक पैसे, प्रत्येक परिणामकारक सुनावणीचे ठरावीक पैसे, त्यालाही वरची मर्यादा. अपील तीनशे पानांचं असो की तीन हजार पानांचं, आकडा जवळपास तोच. त्या तिन्हीसांजेच्या अपिलात मी 11 दिवस वाचत होते. अंतिम सुनावणी दोन दिवस चालली. बिलात दोनच दिवस होते. मला त्या पैशांची चणचण नव्हती, कारण माझी दिवाणी अपिलं चालू होती. पण चार वर्षं सनद झालेल्या मुलानं तेच 11 दिवस कुठून आणायचे? तो तेवढ्या वेळात मोटार अपघात दाव्यांची चार अपिलं दाखल करील, दोन जामीन अर्ज चालवील आणि घरभाडं भरील. त्याला मी दोष देऊ शकत नाही.

त्यातून काय घडतं ते आमच्या कॉरिडॉरमध्ये रोज दिसतं. हुशार मुलं दोन-तीन वर्षांत लवादाकडे, कंपन्यांच्या कायदा विभागाकडे, मोठ्या फर्मकडे वळतात. ज्यांच्या घरी आधीपासून वकिली आहे आणि मुंबईत राहायची सोय आहे, ती टिकतात. परभणीची किंवा चिपळूणची मुलगी, जिला त्या भागातली मराठी कानानं कळते, ती परत जाते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनियरला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस चांगली आहे, पण ती सिनियरला उद्देशून आहे. ज्या सिनियरला स्वतःलाच वाचण्याचे पैसे मिळत नाहीत, तो ते कुठून देणार? पैसा वरच्या टोकाला अडला की खालच्या टोकाला पोचत नाही.

आमच्यातलेच काही ज्येष्ठ म्हणतात, “आम्हीही उपाशी राहून शिकलो, वकिली ही तपश्चर्या आहे.” त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. मी स्वतः तीन वर्षं वांद्र्याला एका नातेवाइकांच्या घरी हॉलमध्ये झोपून कोर्ट केलं. पण वकिलानं तपश्चर्या करायची आणि तिचं फळ न मिळालं तर कैद्यानं तुरुंगात राहायचं, हा हिशेब मला पटत नाही. तपश्चर्या ज्याची त्यानं स्वतःच्या जिवावर करावी.

सर्वसामान्य माणसाकडून येणारा आक्षेप वेगळा असतो आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. खून-बलात्कारात शिक्षा झालेल्या माणसाच्या वकिलावर जनतेचा पैसा आणखी का खर्च करायचा? गावी गेले की माझे काकाही हेच विचारतात. मी त्यांना नाशिकचंच प्रकरण सांगते. पाच माणसं गेली. सोळा वर्षांनी सहा जण सुटले. मग ज्यांची माणसं गेली त्यांना काय मिळालं? खरे गुन्हेगार कोण होते याचा शोध घ्यायची वेळ कधीच निघून गेली होती. अपील पहिल्याच पायरीवर नीट वाचलं गेलं असतं तर कदाचित वेळीच तपास मागे वळला असता. चुकीची शिक्षा मृताच्या घरच्यांनाही फसवते. वाचणाऱ्या वकिलावर केलेला खर्च त्या घरासाठीही असतो, हे माझ्या काकांना पटलं. बाकीच्यांनाही पटेल असा माझा विश्वास आहे.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर यात नवं काही मागायचंही नाही. अपिलाचा हक्क आणि त्यासाठी वकील मिळण्याचा हक्क सुप्रीम कोर्टानं 1978 मध्येच, महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट प्रकरणात मान्य केला. निकालाची प्रत कैद्याच्या हातात फुकट आणि वेळेत पडली पाहिजे, आणि त्याची ऐपत नसेल तर राज्यानं वकील दिला पाहिजे, असं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात बजावलं. 1996 मध्ये बनी सिंग प्रकरणात कोर्टानं सांगितलं की वकील गैरहजर आहे म्हणून फौजदारी अपील फेटाळून टाकता येत नाही, रेकॉर्ड पाहूनच निकाल द्यावा लागतो. आणि डिसेंबर 2019 मध्ये अनोखीलाल प्रकरणात तर थेट वेळच मोजून दिला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा प्रकरणात नेमलेला वकील किमान 10 वर्षं अनुभवाचा हवा आणि त्याला तयारीसाठी सर्वसाधारणपणे किमान 7 दिवस मिळाले पाहिजेत. वाचायला वेळ लागतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलेलं आहे. मग तो वेळ बिलात का दिसू नये? 7 दिवस द्यायचे आणि त्या 7 दिवसांचं मोल शून्य धरायचं, याला काय अर्थ आहे?

माझी मागणी साधी आहे. विधी सेवा समितीच्या दरपत्रकात रेकॉर्डच्या पानांनुसार वाचनाची फी असावी. वकिलानं रेकॉर्ड वाचल्याचा पुरावा म्हणून तारखांचा आणि साक्षींचा तक्ता सादर करावा, म्हणजे कोण कुठे काय बोललं, कुठे विसंगती आहे, कुठल्या निशाणीवर काय आहे. असा तक्ता आम्ही तसाही करतोच. तो कोर्टालाही उपयोगी पडतो. न वाचता पैसे उचलणाऱ्याला तो करता येणार नाही, त्यामुळे गैरवापराची भीतीही कमी. 2022 पासून जिल्हा पातळीवर पगारी बचाव वकिलांची योजना सुरू झाली आहे. तिथे पूर्णवेळ माणसं नेमून हे काम करता येतं असं आपण मान्य केलं, तर अपिलाच्या कोर्टात ते का चालणार नाही?

“असं वाचत बसलात तर साचलेली अपिलं संपणार कधी?” हेही ऐकावं लागतं. अपिलं वाचण्यानं तुंबत नाहीत. ती न वाचल्यानं तुंबतात. ज्या वकिलानं वाचलेलं नाही, तो तारीख मागतो. दुसऱ्या तारखेला पहिलंच पेपरबुक चाळत अर्धा तास घालवतो. बेंचनं प्रश्न विचारला की पुन्हा वेळ मागतो. आणि वाचून आलेला वकील पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, “या अपिलात दोनच मुद्दे आहेत.” कुठलाही न्यायमूर्ती त्या वाक्याची वाट पाहत असतो.

आता भाषेचा मुद्दा, कारण माझं सगळं सांगणं त्याच एका शब्दापासून सुरू झालं. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा 1998 पासून मराठी आहे. हायकोर्टाचं कामकाज राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 नुसार इंग्रजीत चालतं. या दोन भाषांच्या मधल्या खाचेत साक्षीदार काय बोलला ते हरवतं. कोयता आणि विळा, दोन्हींचं एकच इंग्रजी होतं, पण जखम पाहणाऱ्या डॉक्टरला आणि शेतकऱ्याला विचारा, दोन्हींत किती फरक आहे. भावजय, नणंद, जाऊ, साळी या सगळ्यांना एकाच शब्दात बसवलं की घरात कुणाचं कुणाशी वैर होतं ते कळेनासं होतं. ‘पडवी’ आणि ‘माजघर’ दोन्ही नुसत्या खोल्या झाल्या, तर आतली व्यक्ती बाहेरचं पाहू शकत होती की नाही, हे कसं ठरवणार? हा भाषांतरकारांवर राग नाही. ते बिचारे दिवसाला किती पानं करतात ते मी पाहिलं आहे.

हायकोर्टाचं कामकाज मराठीत व्हावं की नाही, हा मोठा वाद आहे आणि त्याचा निर्णय माझ्यासारखीच्या एका लेखानं होणार नाही. तोवर एवढं तरी करता येईल. पेपरबुकात प्रत्येक साक्षीचं मूळ मराठी पान आणि त्याचं भाषांतर समोरासमोर छापावं. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. कागद वाढेल, पण मराठी न येणाऱ्या न्यायमूर्तींनाही कुठे काय विचारायचं ते कळेल, आणि मराठी येणारा वकील डोळे मिटून भाषांतरावर विसंबणार नाही. आता तंत्रज्ञानही आलं आहे. सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये ‘सुवास’ हे भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं आणि त्याच्या मदतीनं निकाल भारतीय भाषांत येऊ लागले, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. पक्षकाराला स्वतःचा निकाल स्वतःच्या भाषेत वाचता येतो. पण साक्षीच्या बाबतीत यंत्राच्या भाषांतराला अखेरचा शब्द मानू नये. हजार पानांत एखादा संदर्भ शोधायला यंत्र जरूर वापरावं. साक्षीदार बाईंनी काडी ओढली होती की दिवा लावून झाला होता, ते मात्र माणसानं मूळ पानावर बोट ठेवून पाहावं.

त्या अपिलात बेंचवरच्या एका न्यायमूर्तींना मराठी येत होती. मी वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी मूळ रेकॉर्ड मागवलं, चष्मा सारखा करून ते पान दोनदा वाचलं आणि सरकारी वकिलांना विचारलं, “अंधार पडायला लागला होता, दिवा लागलेला नव्हता, मग शंभर फुटांवरून चेहरा दिसला कसा?” सरकारी वकील सज्जन माणूस होते. ते म्हणाले की यावर माझ्याकडे उत्तर नाही. निकालात इतरही कारणं होती, मुद्देमालाच्या सीलबद्दलची शंका होती. संशयाचा फायदा देऊन त्याला सोडण्यात आलं. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी चेंबरला आले. त्यांनी मला विचारलं, “ताई, तो कागद आधीपासून तिथंच होता का?” मी हो म्हणाले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता तिथे चालतात. त्यासाठी तिथल्या वकिलांनी चार दशकं लढा दिला. अपिलाच्या वकिलीसाठी मुंबईत हॉलमध्ये झोपायची गरज आता त्या भागातल्या मुलांना उरलेली नाही. ज्यांना तिन्हीसांज, पडवी, कोयता हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत, ते वकील आता हायकोर्टात उभे राहतील. पण वाचनाचा मोबदला मिळाला नाही, तर तिथेही पाच वर्षांत तेच होईल, भाडं भरण्यासाठी जामीन अर्ज आणि अपिलं नुसती बोर्डावर.

माझ्याकडे तीन वर्षं काम केलेली एक मुलगी गेल्या वर्षी गावी परतली आणि कोल्हापूरला वकिली करू लागली. तिला सातारा जिल्ह्यातलं जन्मठेपेचं पहिलं अपील विधी सेवा समितीकडून मिळालं, त्या रात्री तिनं फोन केला. रेकॉर्ड साडेसहाशे पानांचं आहे म्हणाली. मग तिनं विचारलं, “मॅडम, भाषांतर पेपरबुकात आहे, तरी मूळ साक्षी बघायला अर्ज देऊ का? की कोर्टाला वाटेल मी वेळ काढतेय?” मी म्हटलं, उद्या सकाळीच दे. आणि किती दिवस वाचलंस ते तारखेनिशी वहीत लिहून ठेव. बिलात आज त्याला जागा नसली तरी लिहून ठेव.